सरांनी काढलेला सहसंबंध

सरांनी उभा जन्म संख्याशास्त्र शिकवण्यात घालवला. दर वर्षी नव्या वर्गाला बजावायचे, "सहसंबंध एवढंच सांगतो की दोन गोष्टी जोडीनं वाढतात. का वाढतात ते आकड्याला विचारू नका, माणसांना जाऊन विचारा. नाहीतर कावळा बसायला आणि फांदी मोडायला, तशी गत व्हायची." पोरं हसायची आणि परीक्षेत तेच लिहायची. आणि हेच सर स्वतःच्या बायकोच्या बाबतीत तोंडघशी पडले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

बायकोची आठवण विरत चालली होती. घरी सांभाळणं होईना, तेव्हा काळजावर दगड ठेवून त्यांनी तिला शुश्रूषागृहात ठेवलं. रोज संध्याकाळी जायचे, कधी अर्धा तास, कधी तीन तास. केस विंचरायचे, सफरचंद किसून भरवायचे.

एकदा सिस्टर सहज म्हणाली, "काल आजींनी फार त्रास दिला हो. रात्रभर नुसत्या येरझाऱ्या." झालं, सरांच्या डोक्यात किडा वळवळला. तिथे पेशंटच्या रात्रीच्या अस्वस्थतेला दहापैकी गुण द्यायची पद्धत होती. सरांनी महिन्याभराचे गुण मागून घेतले, शेजारी आपले बसण्याचे तास मांडले. तास सरासरीपेक्षा किती जास्त-कमी, गुण किती जास्त-कमी, दोन्हींचा गुणाकार, बेरीज, मग भागाकार. उत्तर आलं अधिक शून्य पूर्णांक आठ चार. हा आकडा एकाच्या पुढे जातच नाही, म्हणजे नातं चांगलंच घट्ट. सर जितके जास्त बसत, तितकी ती रात्री तळमळे.

"माझ्यामुळेच त्रास होतो तिला," त्यांनी लेकीला फोनवर सांगितलं.

"काहीतरीच काय, बाबा! सिस्टरना विचारलंत का?"

"विचारायचं काय त्यात? आकडा समोर आहे."

सरांनी जाणं बंद केलं. संध्याकाळी चपला घालायचे आणि पुन्हा काढून ठेवायचे. घर खायला उठायचं. पण शुश्रूषागृहाच्या ऑफिसातून फोनवर कळायचं की गुण उतरताहेत, सहा, चार, एक. मग म्हातारा डोळे पुसत खूश व्हायचा. वेडा कुठला!

एक दिवस गुण शून्यावर आले. सरांना राहवेना, लांबून बघून येऊ म्हणून गेले. सिस्टर जिन्यातच भेटली.

"सर, होतात कुठे? मला वाटलं आजारी पडलात!"

"मी आलो की तिला त्रास होतो ना. आकडे तसं सांगतात."

सिस्टर बघतच राहिली. "अहो, तुम्ही खूप वेळ बसलात की त्यांना वाटायचं, आता तुम्ही इथेच राहणार. मग रात्रभर शोधायच्या तुम्हाला. प्रत्येक खोलीत जाऊन विचारायच्या, आमचे हे कुठे गेले? त्यालाच आम्ही गुण देत होतो."

"आणि आता?"

"आता नाही शोधत."

सर आत गेले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि पाहुण्याला द्यावी तशी सरकून पलंगावर जागा दिली. सर अंधार पडेपर्यंत बसले. हात हातात घेतला, तर तिनं घेऊ दिला. निघताना ते मुद्दाम सावकाश उठले आणि दारात थांबले. अगं, एकदा तरी त्रास दे, असं त्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं.

ती मायेनं हसली. "निघा आता," म्हणाली, "घरी तुमची बायको वाट बघत असेल."