नाना आले की स्क्रीन काळा

नानांची सगळी नोकरी कारखान्याच्या गेटवर गेली. सुटीचा भोंगा झाला की बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उघडायची, डबा हलवून बघायचा. नोकरी संपली, पण हात शिवशिवायचे काही थांबले नाहीत. मुलगा फिरतीवर, बायको केव्हाच देवाघरी गेलेली, तेव्हा झडती घ्यायला घरात उरली एकटी सून.

सून दिवसभर आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर लोकांच्या लग्नाचे अल्बम जुळवायची. त्यासाठी तिने नुकतीच एक चाकांची खुर्चीही घेतली होती. आणि हल्ली एक गोष्ट नानांच्या डोळ्यांत खुपायला लागली होती. ते खोलीत शिरले की सून ताडकन उठायची आणि त्याच क्षणी स्क्रीन काळा व्हायचा. जरा वेळाने उजळायचा, तेव्हा त्यावर कुणाचीतरी नवरी हसत असायची.

नवरी हसतेय ते ठीक, पण तिच्या आधी तिथे काय होतं?

उत्तर नानांनी स्वतःच शोधून ठेवलं होतं. ही घर बघतेय. दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलंय. मुलाने मागे फोनवर सहज विचारलं होतं, "बाबा, आठवडाभर एकटे राहाल ना?" तेव्हापासून हे त्यांच्या डोक्यात बसलं होतं. खरं सांगायचं तर त्यांना एकटं राहण्याची भीती वाटत होती. पण भीती वाटते म्हणणं कमीपणाचं, संशय येतो म्हणण्यात कसा रुबाब असतो.

त्यांनी चपला काढून, श्वास रोखून जाऊन पाहिलं. सुनेचे कान तिखट. ती उठली, स्क्रीन काळा.

"हे असं का होतं गं?" त्यांनी एकदा विचारलंच.

"मलाही कळत नाही बाबा. कामाचा नुसता खोळंबा होतो."

चेहरा इतका भाबडा, की नाना लगेच सावध झाले. अस्साच चेहरा करून एक कामगार गेटवरून पाण्याच्या बाटलीतून कारखान्याचा रंग घेऊन गेला होता.

शेवटी त्यांनी भाच्याला बोलावलं. तो कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. सून तेव्हा अल्बम छापायला द्यायला गेली होती. नानांनी भाच्याला दारातच गाठलं.

"दुरुस्ती कर, पण आधी ही काय लपवते ते बघ."

"मामा, असं बघू नये."

"बघ म्हणतो ना!"

भाच्याने नाइलाजाने बघितलं. "नुसत्या नवऱ्या आणि नवरे आहेत मामा. दुसरं काहीही नाही."

"मग पुसून टाकलं असेल," नाना म्हणाले.

भाच्याने नाद सोडला आणि कॉम्प्युटरचा डबा उघडला. पंख्यातली धूळ काढली, स्क्रीनवर चित्र पाठवणारं ग्राफिक्स कार्ड काढून परत घट्ट बसवलं, त्याचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर नव्याने टाकलं. चित्र झकास येत होतं. तेवढ्यात सून परतली. कसं चालतंय बघायला ती खुर्चीत बसली. नाना पाण्याचा पेला घेऊन आत आले, ती उठली, आणि स्क्रीन काळा!

"बघितलंस?" नाना जवळजवळ ओरडलेच.

भाचा मात्र खुर्चीकडे बघत होता. "मामा, तुम्ही बसा बरं इथे. हां. आता उठा."

नाना उठले. स्क्रीन काळा झाला.

मग भाच्याने स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची आणून दोघांनाही बसवलं, उठवलं. स्क्रीनला ढिम्म फरक पडला नाही.

"नव्या खुर्चीच्या दांड्यात गॅस असतो," भाचा खुशीत येऊन सांगू लागला. "वजन हललं की बारीकशी ठिणगी उडते. ती स्क्रीनच्या वायरला बाधते आणि चित्र तुटतं. बघा, आणि मामा मला म्हणत होते, ते आले की वहिनी काहीतरी लपवते, सगळं उघडून बघ..."

पुढचं वाक्य त्याने गिळलं, पण उशीर झाला होता.

"उघडून बघितलंत?" सुनेने विचारलं.

भाच्याने खाली वाकून स्क्रू वेचायला घेतले.

"आमच्याकडे मोठं माणूस आलं की उठून उभं राहतात, बाबा," ती म्हणाली. "म्हणून उठत होते. लग्न होऊन आले तेव्हापासून उठतेय."

नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं. ते म्हणाले, "खुर्चीच भिकार निघाली."

भाचा पसारा आवरत पुटपुटला, "चांगल्या वेष्टणाची वायर आणून देतो, वहिनी. तोवर काम चालू असताना मध्येच उठू नका, म्हणजे झालं."

"नाही उठणार," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना चपला वाजवत गेले आणि दारात मुद्दाम खाकरले. रात्रभर घोकलेली माफी अगदी ओठांवर होती. सुनेने मान वळवली.

"काही हवंय का बाबा?"

ती बसूनच राहिली. स्क्रीन लख्ख चालू होता. त्यावर एक रिकामी खोली होती, खिडकी होती, ओटा होता आणि खाली भाड्याचा आकडा होता. तिने ते झाकलं नाही. नाना दारातच उभे राहिले. तिने एकदा तरी उठावं, असं त्यांना फार वाटत होतं.