साहेबांच्या चेहऱ्यावर ठिपका नको

डोंगर फोडून सिमेंट करणाऱ्या कंपनीला वर्षातून एकदा झाडांची आठवण येते. त्या आठवणीचं ऐंशी पानी पुस्तक निघतं, नाव ‘पर्यावरण अहवाल’. यंदा ते छापायचं काम फोरमनच्या प्रेसकडे आलं, आणि कागद पर्यावरणपूरकच हवा अशी अट कंपनीने आपणहून घातली. फोरमनला वाटलं, चला, उभ्या जन्मात एकदा तरी नशिबाने आपलं दार ठोठावलं.

त्याचं कारण होतं त्याची धाकटी बहीण. ती कागद करायची. प्रेसमधली कात्रणं, बिघडलेले ताव आणि शिंप्यांकडच्या सुती चिंध्या भिजवायच्या, कुटायच्या आणि तो लगदा जाळीवर उचलून त्याचे ताव वाळवायचे. वस्तीबाहेर पत्र्याची शेड, एक हौद, एक रोलर आणि कामाला सहा बायका. दर सोमवारी प्रेसच्या मागच्या दाराने कात्रणांची पोती तिच्याकडे जात. पण तिच्या कागदाला गिऱ्हाईक कोण, तर पिशव्या आणि भेटकार्डं करणारे. दात कोरून कुठं पोट भरतं? तिने सांगूनच टाकलं होतं, “दादा, एक मोठं काम मिळालं नाही ना, तर या वर्षी शेडला कुलूप.”

आता हाताचा कागद छपाईच्या मशीनवर चालत नाही, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. कुठे जाड, कुठे पातळ. त्यातून धुरळा सोडतो. तो मशीनच्या रबरावर बसला की पुढच्या प्रत्येक तावावर पांढरे डाग. फोरमनने दोन महिने सुट्टीचा एकेक दिवस शेडमध्ये घातला. जाळी बदलली, खळ बदलली, रोलर दोनदा उघडून बसवला.

“अजून पातळ उचल.”

“आता काय कांद्याची साल करू होय रे?”

“साल कर, पण सगळीकडे सारखी कर.”

शेवटी पन्नास ताव मशीनमधून सुळकन गेले. एकही अडकला नाही. त्यांच्यासोबतच्या एका कोऱ्या तावात, खाली उजव्या कोपऱ्यात, एक निळा धागा अडकून राहिला होता, वाकडा, नखाएवढा. आई गेल्यावर तिची निळी चादर फोरमननेच चिंध्यांत आणून टाकली होती.

“बघ, म्हातारी कोपऱ्यात येऊन बसली,” धाकटी म्हणाली. “देखरेखीला.”

तोच ताव फोरमनने नमुना म्हणून नेला. सोबत छापून पाहिलेली पानंही घेतली. कंपनीच्या पर्यावरण खात्याच्या मॅडमनी कोरा ताव गालाला लावला. नाकाला लावला. डोळे मिटले.

“अहाहा! किती प्रामाणिक कागद आहे हो!”

फोरमन सुखावला. मग मॅडमनी छापील पान उचललं. पहिल्याच पानावर, म्हणजे कव्हरवर, कंपनीच्या मोठ्या साहेबांचा फोटो होता, हातात रोपटं. कागदातले तांबूस कण फोटोतून वर आले होते. एक नेमका साहेबांच्या नाकावर.

“हे काय?”

“जुन्या कागदाचे कण आहेत, मॅडम. ते राहणारच. त्यावरूनच तर ओळखायचं.”

“साहेबांना देवी आल्यासारखं दिसतंय. नाही चालणार.” त्या थोडा वेळ कोऱ्या तावाकडे बघत राहिल्या. मग चुटकी वाजवून म्हणाल्या, “आपण याचा फोटो काढू. तो प्रत्येक पानावर मजकुराच्या मागे छापायचा, नेहमीच्या गुळगुळीत पांढऱ्या कागदावर. ठिपके सगळीकडे, फक्त साहेबांच्या चेहऱ्यावर नकोत. आणि कव्हरला लॅमिनेशन करा, हाताळून खराब होतं.”

फोरमनला आधी कळलंच नाही. नव्या कागदावर जुन्या कागदाचं चित्र? त्याने सोबत आलेल्या प्रेसच्या मालकाकडे पाहिलं. मालक मान डोलावत होता. या माणसाची मान मोठ्या गिऱ्हाइकासमोर नेहमीच सैल.

“तो धागा तरी काढायला लावतो,” फोरमन कसाबसा म्हणाला.

“छे छे! त्यानेच तर खरेपणा येतो!” मॅडम म्हणाल्या आणि ताव मोठ्या फाइलमध्ये घडी न घालता, जपून, ठेवून घेतला.

प्रेसमध्ये फोरमनची तीस वर्षांची रीत होती. पहिला बरोबर छापलेला ताव टेबलावर पसरायचा, भिंग लावून बघायचा आणि कोपऱ्यात सही करायची. ती सही झाल्याशिवाय मशीन पुढे फिरत नसे. मालकाची सुद्धा टाप नव्हती. अहवाल छापायच्या दिवशी शेवटच्या पानाचा ताव आला. खाली बारीक अक्षरात ओळ होती: ‘हा अहवाल महिलांनी हाताने बनवलेल्या, पुनर्वापराच्या कागदावर छापला आहे.’

“मालक, हे खोटं आहे.”

“आपण छापणारे. लिहिणारे नाही.”

“कागद आपला आहे. आपण घेतलाय, नवा कोरा, रीमवर शिक्का आहे. म्हणजे खोटं आपलंही झालं.”

“बरं मग? नको करू सही. काम शेजारच्या प्रेसला जाईल. ते तुझ्या बहिणीकडून कागद घेणार आहेत का? नाही ना? मग कशाला एवढा तापतोस? तुझं एवढं मन दुखत असेल तर मॅडमना सांगून तिचं नाव टाकू खाली. फुकटची जाहिरात.”

“नाव नको,” फोरमन म्हणाला. आणि नाव वाचवल्याचं समाधान मिळवून त्याने सही केली. माणूस एवढ्याशा समाधानावर केवढं मोठं खोटं गिळतो बघा.

धाकटीला त्याने काही सांगितलं नाही. तिने कामाच्या भरवशावर चिंध्यांचा ढीग भिजत घातला होता. तिने फोन केला की हा म्हणायचा, “काम जरा पुढे गेलंय.” ताकाला जाऊन भांडं लपवायची कला एकदा जमली की पुढचं सोपं असतं.

पण त्याला सोमवारचा विसर पडला. कात्रणं जायची तशी गेली, कुणी विचारायचं कारणच नव्हतं. अहवालाचे बिघडलेले ताव, वाया गेलेली कव्हरं, सगळं पोत्यांत भरून नेहमीप्रमाणे शेडवर पोचलं.

तिसऱ्या दिवशी धाकटीचा फोन आला. “येऊन जा.” बास, एवढंच.

तो गेला तेव्हा कुटायचं यंत्र बंद होतं. शेडमध्ये एकही बाई नव्हती. ताव वाळवायच्या दोरीवर, चिमट्यांना, अहवालाची पानं टांगली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि प्रत्येक पानाच्या खाली उजव्या कोपऱ्यात निळा धागा. तसाच वाकडा, तसाच नखाएवढा.

“माझे दोन ताव कधी एकसारखे निघाले नाहीत,” धाकटी म्हणाली. “तू कसे रे इतके काढलेस?”

“अगं, मी नाही म्हणालो होतो...”

“कुणाला? मला तर म्हणालास, पुढे गेलंय.” तिने एक पान टर्रकन फाडलं, कड बोटांनी चाचपली. “नवा कागद. चांगला लांब धाग्याचा. झाड बरं असणार.” मग दुसरं पान हातात घेतलं, सहीवालं. तेही कुणीतरी पोत्यात कोंबलं होतं. “ही सही तुझीच ना? का तिचाही फोटो काढलाय?”

त्याने पान घ्यायला हात पुढे केला. तिने दिलं नाही.

“मूळ ताव कुठाय माझा?”

“मॅडमनी... फ्रेम करून ऑफिसात लावलाय.”

धाकटी हसली. तसं हसलेलं त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं. “म्हणजे आईला नोकरी लागली म्हणायची. आमच्या सहाजणी मात्र काल घरी गेल्या.”

“पुढच्या कामाला मी नक्की...”

“पुढच्या कामाला कशाला? चित्र आहे ना तुमच्याकडे. जन्मभर पुरेल.” तिने हौदाकडे बोट केलं. लगद्यावर कव्हरांचे तुकडे तरंगत होते, चकचकीत. “दोन दिवस कुटली. कागद सुटला, वरचं प्लास्टिक सुटेना. हौद नासला. तो मी धुईन. पण तुमची कात्रणं यापुढे माझ्या दारात नकोत.”

“अगं, मग ती टाकायची कुठे?”

“ते तुझ्या अहवालात लिहिलं असेल की. वाच.”

पुढच्या सोमवारी पोती मागच्या दारातच राहिली. त्याच्या पुढच्याही. वाट अडली तसा मालक ओरडला, “एवढं काय घेऊन बसलात? जाळून टाका!”

काडी फोरमननेच लावली. सगळ्यात वर एक कव्हर होतं, बिघडलेलं, साहेबांच्या फोटोचं. प्लास्टिक आधी आकसलं, मग काळा, चिकट धूर सुटला. फोरमनच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण तो हलला नाही. साहेबांच्या गुळगुळीत चेहऱ्यावर एक फोड उठला, मग दुसरा, मग नाकावर एक.

“लांब उभं राहा,” मालक खिडकीतून म्हणाला. “तो धूर चांगला नसतो.”