दंडातला उजेड

मी बोलतोय तो नीरज शितोळेच्या डाव्या दंडातून, कातडीखालून. साखर मोजणारा सेन्सर मी, औषधाच्या गोळीएवढा माझा जीव. बाहेर दंडावर एक काळी चकती चिकटवलेली असते, तिच्याकडून मला वीज मिळते. मग मी आत बारीक उजेड पाडतो. रक्तातल्या साखरेप्रमाणे माझ्यावरचा लेप कमी-जास्त चमकतो, चकती ती चमक वाचते, आणि साखर फार उतरली की थरथरते.

नीरज हिंदी मुलखातल्या एका शहरात, छत्रीबाग वस्तीत राहतो, बायकांच्या बॅचला पोहायला शिकवतो. या कामात दंड उघडाच. एकदा बॅचमधल्या कुणाच्या तरी यजमानांनी विचारलं, "कोचजी, ये क्या लगा है? बीमार हो क्या?"

"नहीं भिया, फिटनेसचं मशीन आहे," नीरज हसून म्हणाला. पण त्याचं सगळं अंग तापलं. मला आतून कळलं.

त्या दिवसापासून पाण्याकडे निघताना तो चकती काढून ठेवू लागला. शिखा, त्याची बायको, चिडायची. "चोरी केलीयेस का, लपवायला?"

"आजारी माणूस दुसऱ्याला काय वाचवणार, असं म्हणतील लोक."

चकती निघाली की मी आंधळा आणि मुका.

एका सकाळी इन्सुलिन घेतलं आणि उशीर झाला म्हणून पोहे तसेच टाकून तो धावला. खोल पाण्यात बेबीताईंना तरंगायला शिकवत होता. पन्नाशीच्या बाई, महिनोन्‌महिने काठ न सोडलेल्या. नीरजची साखर उतरत गेली. बोलणं अडखळलं, हात लुळे पडले, तो खाली गेला. हे सगळं मागाहून ऐकलेलं; तेव्हा मला दिसलं काहीच नाही. फक्त माझ्यावरच कुणाची तरी बोटं रुतली. बेबीताईंनी त्याला दंडाला धरून, पाय मारत, कसंबसं जवळच्या काठाला आणलं.

शुद्धीवर आल्यावर त्याला साखरेचं पाणी पाजलं. तो पुटपुटला, "मला शुगर आहे, ताई. खोटं बोललो मी."

बेबीताई म्हणाल्या, "तुमच्या भरवशावर खोल पाण्यात उतरले मी, सर. बुडत मी असते तर?"



दुसऱ्या दिवशी चकती लावून तो पूर्ण बॅचसमोर उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. बेबीताई आजही येतात, पण त्याच्याबरोबर खोल पाण्यात उतरत नाहीत. तोही आग्रह करत नाही.

माझा लेप आता फिका पडलाय. लवकरच डॉक्टर छोटी चीर देऊन मला काढतील, दुसऱ्या दंडात नवा बसवतील. मी तर जन्मभर कातडीखालीच राहिलो. मला आणखी लपवायचं काय होतं? नव्या सोबत्याला तरी कुणी अंधारात ठेवू नका.

आज शिकवता शिकवता चकती थरथरली. नीरज पाण्याबाहेर आला, सगळ्यांदेखत काठावर बसला आणि गुळाचा खडा चघळू लागला. लाजेने त्याचं अंग अजून तापलेलं होतं, पण तो उठला नाही.