लॉइडचा रंग, मर्व्हचं पाणी

लॉइड बेसंटने नळीचं टोक पकडीने ओढून काढलं आणि खाली धरलेल्या आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात हिरवं पाणी भळभळ उतरलं.

"सावकाश. टेबलावर थेंब जरी पडला तरी रॉस आपल्याला बाहेर काढेल," केरिन ओट्स म्हणाली. उघडा पडलेला संगणक तिचा होता.

"तुला नाही, त्याला," हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून रॉस म्हणाली. स्काउट हॉलची किल्ली रॉस प्लॅपकडे असे, आणि किल्लीबरोबर येणारा सगळा अधिकारही.

अल्व्हरस्टन गावातल्या या हॉलमध्ये दर शनिवारी दहा-बारा माणसं आपापले संगणक घेऊन जमत. पंख्याच्या घरघरीऐवजी पाण्याने थंड होणारे संगणक. तापलेल्या चिपवर तांब्याची डबी बसवायची, तिच्यातून पाणी फिरवायचं आणि ते निववायला जुन्या गाडीचा रेडिएटर लावायचा. पारदर्शक नळ्यांमधलं ते पाणी अतिनील दिव्याखाली झगमगलं पाहिजे, हा त्यातला अर्धा आनंद. ती झगमग लॉइड पुरवत असे. पिवळ्या-हिरव्या हायलायटर पेनांच्या वाती पकडीने उपसायच्या, पाण्यात भिजत घालायच्या, दोनदा गाळायच्या. कृती सगळ्यांना ठाऊक होती. पण तो रंग साधायचा फक्त त्यालाच. हे तो स्वतःही मोकळेपणाने सांगे.

केरिनच्या नळीत मात्र साका धरला होता. लोकांच्या स्वयंपाकघरातली कपाटं संगणकावर आखून देण्याचा तिचा व्यवसाय. गेला पंधरवडा संगणक तापून मधेच बंद पडत होता. एकदा गिऱ्हाइकासमोरच.

"शाई आहे ती, लॉइड," रॉस जवळ येऊन म्हणाली. तिच्या हातात मेलबर्नहून मागवलेली रंगाची बाटली होती, सील न फोडलेली. "कागदासाठी बनवलेली शाई. पाण्यात कधीतरी तळाशी बसणारच. आज काय ते ठरवून टाकू. एक तर तुझा रंग, नाहीतर ही बाटली. सगळ्यांसाठी एकच."

"ठरवा की," लॉइड म्हणाला. "पण त्याआधी मला डबी उघडू दे. माझा रंग बसत नाही. तीन वर्षं माझ्या स्वतःच्या यंत्रात आहे."

"तुझ्या यंत्रात काय, तू मोजे बदलावेत तसं पाणी बदलतोस."

"म्हणूनच ते चालतं, रॉस."

केरिनला हसू आलं. ते लपवायला तिने डबा उचलून बाजूला ठेवला.

लॉइड डबी घेऊन तंबू ठेवायच्या खोलीत गेला. तिथे खिडकी नव्हती, म्हणून अतिनील दिवा तिथेच टांगलेला असे. त्याने चार स्क्रू काढले. आत बुळबुळीत थर होता. डबी नळाखाली धरून त्याने तो रंग जाईपर्यंत धुतला, पुसण्यासाठी बशीत थोडं स्पिरिट घेतलं आणि थर त्यात खरवडून टाकला. मग दार लोटून दिवा लावला.

टेबलावर सांडलेला त्याच्या रंगाचा एक थेंब लख्ख हिरवा चमकत होता. बशीतलं स्पिरिट लाल दिसत होतं. गडद, डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल.

त्याने बशी तिरपी करून पाहिली. हा लाल त्याच्या ओळखीचा होता. पेनांपर्यंत पोचायच्या आधी त्याने घरातल्या घरात सगळं करून पाहिलं होतं. टॉनिक वॉटर निळं चमकलं, कपड्यांची पावडर निळी चमकली पण फेसाळली, आणि परसातली पालेभाजी स्पिरिटमध्ये कुस्करली तेव्हा असाच लाल दिसला होता. पानाचा हिरवेपणा या दिव्याखाली लाल होतो. शाई नव्हतीच ही. शेवाळ होतं. आणि शेवाळ काही पेनातून येत नाही, ते पाण्याबरोबर येतं.

त्याला मोठ्याने हसावंसं वाटलं. दाराच्या कडीकडे त्याचा हात गेलासुद्धा.

दार बाहेरूनच उघडलं. मर्व्ह डॉब्सन चहाचे दोन मग घेऊन उभा होता. उजेड आत आला आणि बशीतलं स्पिरिट साधं, मळकट हिरवं दिसू लागलं.

"काय निघालं?" मर्व्हने विचारलं. "बायका तुझं डोकं मागताहेत."

"बघतोय."

"साखर दोन घातली. आज लागेल."

मर्व्हकडे संगणक नव्हता. लॉइडकडून आपली करवत परत न्यायला तो एकदा हॉलवर आला आणि टेकडीवरच्या आपल्या टाकीतलं पावसाचं पाणी त्याने रॉसला प्यायला दिलं. तेव्हापासून यंत्रांत घालायला दुकानातलं ऊर्ध्वपातित पाणी कुणी विकत आणलं नाही. दर शनिवारी मर्व्ह गाडीतून त्या पाण्याचा ड्रम उतरवायचा, प्रत्येकाच्या यंत्रात पाणी किती कमी झालंय ते वाकून पाहायचा, "हिला तहान लागलीय रे," म्हणायचा आणि दुपारपर्यंत खुर्ची ओढून बसायचा. बायको गेल्यावर टेकडीवरून तो खाली उतरायचा तो एवढ्यासाठीच.

लॉइडने चहाचा मग घेतला. एक घोट प्यायला. नंतर बशी नळाखाली धरून खळखळून धुतली आणि पालथी घातली.

हॉलमध्ये सगळे टेबलाभोवती जमले होते.

"शेवाळ आहे," लॉइड म्हणाला. "पाणी, उजेड आणि ऊब मिळाली की धरतं. रंगात मोरचुदाची कणी घालायला हवी होती, मी घातली नाही. माझी चूक."

लॉइड बेसंटच्या तोंडून हे शेवटचे दोन शब्द आजवर कुणी ऐकले नव्हते.

"मोरचूद म्हणजे शेवाळ धरू नये म्हणून गुरांच्या हौदात टाकतात ते?" केरिनने विचारलं.

"तेच. तुझी डबी लखलखीत करून देतो. दुपारी तुझी कपाटं आख."

"तुला बरं वाटत नाहीये का?" ती हळूच म्हणाली.

"चहात साखर जास्त झालीय."

रॉसने वेळ दवडला नाही. "मग बाटली. कोणकोण?"

हात वर झाले. केरिनने आपला हात अर्ध्यावर धरला, लॉइडकडे पाहिलं. त्याने मान डोलावली, तसा तिने तो पूर्ण वर केला. मर्व्हला यंत्र नव्हतं, म्हणून मत नव्हतं. तो मगांकडे पाहत होता.

"त्या बाटलीत शेवाळावर काही घातलंय का?" लॉइडने विचारलं.

रॉसने चष्मा वर करून लेबल वाचलं. "फक्त रंग."

"मग कणभर मोरचूद विसरू नका," तो म्हणाला आणि स्क्रू ड्रायव्हर उचलून केरिनच्या डबीला लागला. त्याच्या रंगाइतका हिरवा त्या बाटलीतून निघणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. महिनाभरात रॉसलाही ते कळणार होतं. तेवढा धीर त्याच्याजवळ होता.

दुपारी मर्व्ह ड्रम बाहेर नेत होता तेव्हा लॉइडने त्याच्यासाठी दार धरलं. ड्रम अजून अर्धा भरलेला होता. खडीवर पोचल्यावर मर्व्हने तो खाली ठेवला.

"एक विचारू?"

"विचार."

"तुझ्या रंगात मोरचूद कमी होतं म्हणालास."

"हं."

"तुझा रंग तर आता बंद झाला." मर्व्ह ड्रमच्या झाकणाकडे बघत होता. "मग ते घालायचं कशात?"

रॉसला, केरिनला, सगळ्या हॉलला द्यायला त्याच्याजवळ उत्तरं होती. हा प्रश्न त्याच्या मनातच आला नव्हता.

"पाण्यात," लॉइड म्हणाला.

मर्व्हने मान डोलावली. त्याने झाकण उघडलं, ड्रम कमरेला टेकवून आडवा केला आणि आतलं पाणी खडीवर सोडलं. ते संपायला वेळ लागला. लॉइडने बूट मागे घेतले नाहीत.

"तू टेकडीवर येशील तेव्हा टाकीत तुझ्या हाताने घाल," मर्व्ह झाकण फिरवत म्हणाला. "किती घालायचं, मला अंदाज नाही."