सकाळी सातचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना पर्जन्यमापक आहे आणि कुणावर चटकन विश्वास ठेवायची मला सवय नाही. दव पडलं तरी वाटतं, कुणी पाणी तर टाकलं नाही? शेळी जवळ आली की वाटतं, ही आता तोंड घालणार. पाऊस मोजायचा तर असं संशयी असावंच लागतं.

माझा जन्म न्युरेम्बर्गजवळच्या एका लहान कारखान्यातला. वर पितळी कडा, आत काचेची नळी, नळीवर मिलिमीटरच्या रेघा. तिथून मला आफ्रिकेत, मलावीतल्या एका खेड्यात नेऊन मक्याच्या शेताकडेला उभं केलं. माझी देखभाल एस्नात नावाची बाई करायची. रोज सकाळी सातला ती यायची, नळी डोळ्यांसमोर धरायची, आकडा वहीत लिहून पाणी ओतून द्यायची आणि फोनवरून जर्मनीतल्या बॉनच्या हवामान संस्थेला कळवायची.

तिथे मोसमातल्या सुरुवातीच्या पावसावर कुणीच भरवसा ठेवत नाही. ऑक्टोबरात एक पाऊस येतो, त्याला 'वणवे विझवणारा' म्हणतात. वरवर भिजवतो आणि गायब होतो. त्याला भुलून मका पेरला तर बी मातीतच करपतं. म्हणून नोव्हेंबरात बायका वरंबे घालून ठेवायच्या, बियाणं मात्र घरात. रोज सकाळी एस्नातला विचारायच्या, "किती?"

"सात."

"मग नाही."

अठरा नोव्हेंबरला दिवस मावळताना पंखवाल्या मुंग्या उठल्या आणि मागोमाग पाऊस आला. मला तोही खोटाच वाटला. पण माझी नळी भरतच गेली. सकाळी एस्नात ओरडली, "एकतीस!" दुपारपर्यंत सगळं गाव शेतात वाकलेलं होतं. तिच्या शब्दावर गावाने पेरलं, मित्रांनो.

आणि जानेवारीत मला खोक्यात घालून बॉनला आणलं! का, ते क्रांतीच्या स्वयंपाकघरात कळलं. क्रांती त्या संस्थेत काम करते. बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच रुजू झालेली. बाळ झोपलं की लॅपटॉप उघडायची. समोर फोनवर तिचा सहकारी मयुरेश होता.

"अगं, अठराला उपग्रह म्हणतो धो धो पाऊस, बाई म्हणते शून्य. एकोणीसला सगळं कोरडं, बाई म्हणते एकतीस! अख्खा मोसम असाच. घरबसल्या आकडे ठोकते ती."

"मापकच गळका असेल रे."

"गेनाऊ, अगदी बरोबर, तेच तपास. तो ठीक निघाला तर शुक्रवारी पाऊस मोजणाऱ्यांच्या यादीतून तिचं नाव कट. सगळ्यांना मेल टाकलाय मी."

क्रांतीने मला सिंकमध्ये उभं केलं. तिच्या सहा वर्षांच्या लेकीने, ईप्सिताने, दोनशे मिलिलिटर पाणी मोजून हळूहळू ओतलं. माझ्या तोंडाच्या मापाने आत दहाची रेघ यायला हवी होती. बरोबर दहा!

"निष्ट कापुट!" ईप्सिताने टाळ्या वाजवल्या.

"नाही ना बिघडलेला," क्रांती म्हणाली, पण तिचा चेहरा पडला. मी निर्दोष ठरलो, म्हणजे दोषी एस्नातच. तेव्हा वाटलं, गळका असतो तर बरं झालं असतं.

क्रांतीने एस्नातला फोन लावला. आवाजात संशय होताच. "एकोणीसला तुमच्याकडे पाऊस नव्हता. मग एकतीस कुठून आले?"

"एकोणीसला कोण म्हणतं? अठराला संध्याकाळी पडला. मी सकाळी सातला मोजला. पाऊस काय माझी वाट बघत थांबतो, एस्नात आली की पडतो म्हणून?"

क्रांतीने आकड्यांचा तक्ता उघडला. सकाळी सातला नळीत असतं ते आदल्या दिवसाचं पाणी. ते आदल्याच तारखेला लिहायचं असतं. रजेवर जायच्या आधी, पाठ अवघडलेली असताना, घाईने तिनेच तक्ता बनवला होता आणि मोजल्याची तारीख तीच पावसाची तारीख धरली होती. तिने तारखांचा रकाना एक दिवस मागे सरकवला. अख्खा मोसम उपग्रहाशी जुळला.

"एस्नात, चूक माझी होती. तुमचं एकूणएक खरं आहे."

ती म्हणाली, "मी खोटे आकडे दिले म्हणून मापक नेला, असं गावात पसरलंय. बायका मला खोटारडी म्हणतात. हे मला सांगून काय उपयोग? गावाला सांगा."

क्रांतीने मयुरेशला फोन केला.

"अगं, पण मेल गेलाय सगळ्यांना."

"मग दुसराही सगळ्यांनाच जाईल. आणि एक पत्र गावच्या मुखियाला, माझ्या सहीचं."

पत्र लिहिता लिहिता बाळ उठलं. त्याला मांडीवर घेऊन एका हाताने तिने ते पुरं केलं, आणि मलावीला परत निघालेल्या माझ्या खोक्यात सगळ्यात वर ठेवलं.

मित्रांनो, मला वेळेवर पुसा, शेळ्यांपासून सांभाळा, हे तर मी सांगणारच. पण एस्नातसारख्या माणसावर बोट ठेवण्याआधी त्याला एक फोन करा. माझी काच फुटली तर दुसरी बसवता येते.