कासव दिसेपर्यंत

आमच्या शेडच्या मागे मिठाच्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात टाकलेली बॅटरी आधी बारीक बुडबुडे सोडते आणि मग गंजते.

*

बाबा कपडा फाडत नाहीत. उसवतात. आयुष्यभर लोकांचे कपडे ढिले नाहीतर घट्ट करून दिले, पण शिवण कुठून सुरू झाली ते सापडेपर्यंत कात्रीला हात लावला नाही.

*

शेजारणीचा डबा आई कधी रिकामा परत द्यायची नाही. काहीच नसलं तर दोन लिंबं. लिंबंही नसली तर डबाच द्यायची नाही, उद्या देते म्हणायची.

*

बॅटरीतली काळी भुकटी बोटांना लागली की साबणानं जात नाही. माझी बोटं बघून बँकेतल्या बाईनं विचारलं होतं, "कोळशाचं दुकान आहे का तुमचं?"

*

फोनवर मी: "बाबा, गाडी पाठवाल तेव्हा चार्ज करू नका. जितकी उतरलेली असेल तितकी बरी."

फोनवर बाबा: "बरं."

*

१००

टोइंगचा ट्रक फाटकातून आत आला तेव्हा बाबा ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते. मांडीवर आईची छत्री. मागे दोरखंडांनी आवळलेली आईची छोटी पांढरी इलेक्ट्रिक गाडी.

ती गाडी मला कामासाठी हवी होती. अशा गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्यांमधलं साहित्य परत वापरात कसं आणायचं, हे आमच्या शेडमध्ये शोधतात. भंगारातून येणाऱ्या बॅटऱ्या कुणी कशा वापरल्या, काही कळत नाही. आईच्या बॅटरीचं सगळं ठाऊक होतं. आई घरोघरी जाऊन बाळंतिणी तपासणारी नर्स होती. गाडी सावलीत लावायची, हळू चालवायची, आणि चार्जिंग पाऊणाच्या वर कधी जाऊ द्यायची नाही. "पोट थोडं रिकामं ठेवावं," म्हणायची, "माणसाचंही."

आई जाऊन वर्ष होत आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बॅटरी उघडायची माझी पाळी होती.

गाडी खाली उतरवली. मी दार उघडून बटण दाबलं. पडद्यावर आकडा आला.

"बाबा."

"काय गं?"

"ही फुल्ल आहे."

"असणारच. रात्रभर लावली होती."

"मी सांगितलं होतं ना, चार्ज करू नका म्हणून?"

"सांगितलं होतंस."

"मग?"

बाबांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "एवढ्या लांब पाठवायची. अर्धपोटी कशी पाठवू?"

मागून आवाज आला, "सावधान!"

हा आमचा सुरक्षा अधिकारी. दुसऱ्या शब्दानं त्यानं कधी बोलणं सुरू केलेलं कुणी ऐकलं नाही, म्हणून नावही तेच पडलं. तोही हाकेला ओ देतो.

"सावधान, ताई. भरलेला बॅटरीपॅक उघडायला गेलं तर पेट घेईल. आत येणार नाही. आणि आवारात रात्रभर ठेवता येणार नाही. नियम तुम्हीच लिहिलाय."

"करंट ओढून घ्यायचं मशीन?"

"दुरुस्तीला गेलंय. तुम्हीच पाठवलंत."

"मग करायचं काय?"

"संध्याकाळी शेड बंद होईपर्यंत रिकामी झाली तर ठीक. नाहीतर टाकी." मग बाबांकडे बघून मवाळपणे, "नाहीतर परत घरी घेऊन जा, काका."

"पार्किंगची जागा सोडली मी," बाबा म्हणाले. "आजपासून वरच्या मजल्यावरच्यांची गाडी लागणार तिथं."

टाकी म्हणजे मीठ आत शिरणार. भुकटी नासणार. मग आईची गाडी आणि रस्त्यावरचं भंगार यांत काही फरक उरणार नाही, माझ्या कामासाठीही आणि बाबांसाठीही.

"बसा गाडीत," मी म्हणाले.

"कुठं जायचं?"

"कुठंच नाही. नुसतं फिरायचं. हिचं पोट रिकामं करायचंय."

आईनंतर ती सीट कुणी हलवली नव्हती. मी बसले तर गुडघे स्टिअरिंगला टेकले. आई माझ्या खांद्याला लागायची.

बाबा समोरच्या काचेतून बाहेर बघत म्हणाले, "सरकव. नाहीतर चालवणार कशी?"

खट्, खट्, खट्. मी मागे सरकले.

९२

भर उन्हात हीटर. काचा उघड्या. पुढचे लाइट, मागचे लाइट, रेडिओ, कोरड्या काचेवर कुरकुरणारे वायपर. वीज खाणारं जे जे होतं ते सगळं लावलं. सिग्नलला प्रत्येक जण हातानं खुणा करत होता: लाइट! लाइट चालू आहेत! बाबा प्रत्येकाला हात उंचावून "थँक्यू" म्हणत होते.

"लोक चांगले आहेत हो अजून," ते म्हणाले. कपाळावरून घामाचे ओघळ.

"बंद करू का हीटर?"

"करू नकोस. तिला तरी कुठं पंखा असायचा, बाळंतिणीच्या खोलीत."

७१

चढाला वीज जास्त लागते. मी गाडी धरणाकडच्या टेकडीवर घेतली. आकडा भराभर उतरायला लागला. मला हुरूप आला.

"फाडणार का गं तुम्ही हिला?" बाबांनी विचारलं.

"नाही. उसवणार."

ते माझ्याकडे वळले. आता त्यांच्या धंद्यातली गोष्ट होती.

"आत पातळ पत्र्यावर काळ्या भुकटीचा लेप असतो," मी सांगितलं. "त्या भुकटीत लिथियमसाठी बारीक बारीक जागा असतात. वर्षानुवर्षं वापरलं की थोडं लिथियम तिथून निघून जातं, परत येत नाही. जागा रिकाम्या राहतात. बाकी भुकटी धडधाकट असते."

"म्हणजे शर्ट चांगला, बटणं तुटलीत."

"तसंच."

"मग बटणं लावायची."

"आम्ही तेच करायला बघतोय. बाकीचे काय करतात, शर्ट भट्टीत नाहीतर ॲसिडमध्ये घालतात आणि नुसता धागा वेगळा काढतात."

"काय वेडेपणा आहे!" बाबा खरोखर चिडले. "आणि किती बटणं तुटलीत ते कसं कळणार?"

"शर्ट कुणी कसा घातला ते माहीत असेल तर अंदाज येतो. म्हणून तर आईचीच गाडी हवी होती."

बाबांनी मांडीवरची छत्री सरळ केली. मग, "होईल पहिल्यासारखी?"

"माहीत नाही, बाबा."

"एवढी शिकलीस आणि माहीत नाही?"

"माहीत असतं तर पगार कशाचा दिला असता?"

७४

ही चूक मी, याच कामाचा पगार घेणारीनं, करायला नको होती. उतारावर ही गाडी चाकांच्या वेगातून वीज करते आणि बॅटरीत परत भरते.

"अगं, वाढतंय!" बाबा ओरडले. आकड्यावर बोट ठेवून हसायला लागले. आई गेल्यापासून असे हसलेले मी पाहिले नव्हते. "त्र्याहत्तर! चौऱ्याहत्तर! शहाणे, तिला जायचं नाहीये!"

मी ब्रेक दाबला. आकडा आणखी वाढला. ब्रेकनंही भरतंच.

"बाबा, हसू नका. सावधान टाकीवर उभा असेल."

"हसत नाहीये." हसतच होते.

४०

सपाट रस्ते पालथे घातले. नंतर जुन्या गोदामाच्या भिंतीला गाडी लावून फक्त हीटर चालू ठेवला, कारण माझी कंबर गेली होती. दोन्ही दारं उघडी. बाबा डॅशबोर्डवरची, चार्जिंगचा छोटा हिरवा दिवा लागायची जागा अंगठ्यानं पुसत होते.

"हा बघायची ती," म्हणाले.

"कधी?"

"घरी आल्यावर. एखाद्या घरी काही वाईट झालेलं असलं की लगेच वर यायची नाही. खाली गाडीतच बसून राहायची. मला खिडकीतून दिसायचं."

गाडी आई चालवायची. चार्जिंगची वायर लावायचं काम बाबांचं. हे मला माहीत होतं. पुढचं नव्हतं.

"मी खाली यायचो. काच वाजवायचो नाही. मागच्या बाजूनं वायर लावायचो. इथं हा दिवा लागायचा. तिला कळायचं, मी आलोय. मग मी जिन्यात जाऊन बसायचो."

"आणि?"

"आणि काय? तिचं झालं की यायची. दोघं बरोबर वर जायचो."

"विचारायचात तिला, काय झालं ते?"

"छे. भूक लागलीय का विचारायचो."

बाबांनी अंगठा दिव्यावरून काढला.

"काल पाऊण भरल्यावर काढायची होती वायर," बाबा म्हणाले. "ठाऊक होतं मला. तुझा फोनही लक्षात होता. पण वायर काढली की वर जायचं असतं. एकट्यानं वर जायला पाय उचलेना गं. बसलो जिन्यात. बसलो तर भरत गेली."

मी त्यांचा हात धरला. हीटरमुळे दोघांचेही तळवे ओले. ते लाजले, हात सोडवून घेतला आणि वायपर पुन्हा चालू केले.

९

शेड बंद व्हायची वेळ जवळ आली. आम्ही फाटकाकडच्या लांब रस्त्याला लागलो. गाडी एकदम मऊ झाली, ॲक्सिलरेटर दाबून फरक पडेना. पडद्यावर एक छोटं पिवळं कासव उमटलं.

"हे कोण?" बाबांनी चष्मा वर केला.

"फारच उतरली की दिसतं. आता आपण हळू जाणार, एवढंच सांगतंय."

"एवढ्या वर्षांत कधी दिसलं नाही."

"आईनं दिसूच दिलं नाही."

बाबा कासवाकडे कौतुकानं बघत राहिले. मागून हॉर्न वाजत होते. आम्हाला सायकली मागे टाकत होत्या. "जाऊ दे त्यांना," बाबा म्हणाले, "आपल्याला कुठं घाई आहे?" घाई होती. पण मीही हात बाहेर काढून सायकलींना पुढे जायची खूण केली.

०

फाटक दिसायला लागलं आणि गाडी थांबली.

सावधान फाटक ओढायच्या बेतात होता. आम्हाला बघून धावत आला. "सावधान! हात लावू नका, आधी मी बघतो." आत वाकून त्यानं आकडा बघितला, कासव बघितलं, आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. "ढकला."

बाबांचे गुडघे ढकलण्यातले नाहीत. पण स्टिअरिंगला कुणीतरी हवंच होतं.

"बाबा, तुम्ही बसा."

"मला येत नाही गं चालवता!"

"चालवायची नाहीये. नुसती सरळ धरा."

ते माझ्या जागी बसले. हात खाली घालून सीटचा दांडा शोधला. खट्. थांबले. खट्. खट्. बरोबर त्याच खाचेत. आईपेक्षा ते वीतभर उंच. गुडघे पार छातीशी आले. तसेच बसून राहिले.

"सरळच ना?" मागे न बघता विचारलं.

"सरळ!"

"जरा डावीकडे गेली वाटतं."

"सावधान, काका! उजवीकडे!"

आम्ही दोघं मागून ढकलत होतो आणि आईची गाडी नागमोडी चालत आत चालली होती. फाटकाचा खांब बोटभर अंतरानं चुकला. शेडच्या दारात थांबल्यावर बाबा उतरले. टपावरून एकदा हात फिरवला, कुठं मागं शिवण राहिलीय का बघावं तसा. मग छत्री घेतली आणि मला म्हणाले, "चल, भूक लागलीय का?"

*

भुकटी नीट निघाली. रिकाम्या जागा भरल्या. सगळ्या नाही, बऱ्याचशा. त्या भुकटीचा पहिला सेल, म्हणजे चिमुकली बॅटरी, शर्टाच्या बटणाएवढा होता. मोजमापं झाल्यावर मी तो बाबांना दिला. तो त्यांच्या बटणांच्या डब्यात असतो.

या वयात त्यांनी ड्रायव्हिंगचा क्लास लावलाय. एकदा नापास झालेत. शिकवणारा म्हणतो, काका वळण चांगलं घेतात, पण सीट फार पुढे ओढून बसतात.

"गाडी तर नाही आपल्याकडे," मी म्हणाले.

"मग?" बाबा म्हणाले.

*

आईनं ती गाडी विकत घेतली तेव्हा तिलाही चालवता येत नव्हती.