उपवासाचा तवा

मी एक जुना लोखंडी तवा आहे, मित्रांनो. काशीत संकठा घाटावरच्या एका मराठी घरात राहतो. लोहाराकडून आलो तो थेट उपवासाच्या कामाला लागलो. गव्हाचा कण कधी अंगाला लागला नाही. राजगिऱ्याची थालीपीठं भाजायची, एरवी खुंटीवर डुलक्या घ्यायच्या. खिडकीतून गंगेवरचं धुकं आत येई आणि घरातलं बोलणं मला स्वप्नातल्यासारखं ऐकू येई.

त्या स्वप्नात एक मूल सतत कण्हायचं. नऊ वर्षांची मुक्ता. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे. पोळी खाल्ली की जुलाब. फक्त नवरात्रात ती फुलायची, माझ्यावरचं थालीपीठ मागून मागून खायची. सगळे म्हणत, देवी पावली. मग पारण्याला पुऱ्या न्‌ प्रसादाचा शिरा कौतुकानं भरवत. ती पुन्हा आडवी, आणि दोष पोरीच्याच नेमधर्माला. याला भक्ती म्हणतात? मी मूर्खपणा म्हणतो.

शेवटी तिची आई सुमेधा तिला दवाखान्यात घेऊन गेली. बरं कधी वाटतं, असं डॉक्टरांनी विचारल्यावर पोर म्हणाली, "व्रत असतं ना, तेव्हा पेट गप्प बसतो."

तपासण्या झाल्या. सीलिअॅक निघाला. सुमेधानं घरी येऊन सगळं सांगितलं: गव्हातल्या, जवातल्या ग्लूटेनवर हिचं शरीर चवताळतं आणि स्वतःचंच आतडं खरवडतं. या आजाराची प्रवृत्ती आईबापांकडून येते. ती असलेला प्रत्येक जण आजारी पडत नाही. पण ती नसेल तर नुसत्या गव्हानं हा आजार होत नाही. गहू जन्मभर बंद. आणि घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायचं.

मुक्ताचे वडील वासुदेवराव संस्कृत शिकवतात. चेहरा पांढराफटक, जिना चढताना धाप. ते म्हणाले, "आमच्या घराण्यात असलं काही नाही."

"मग तुमची इंदू कशानं सुकून गेली?" सुमेधानं विचारलं. "तिलाही पोळीच भरवत होता ना?"

इंदू त्यांची धाकटी बहीण, लहानपणीच गेलेली. तिला काय झालं होतं, ते आता कुणीच सांगू शकत नाही. वासुदेवराव खिडकीत बसून कितीतरी वेळ पाण्यावरून सरकणाऱ्या नावा बघत राहिले. सकाळी उठले आणि रक्त द्यायला गेले. त्यांनाही तेच निघालं.

आता मी रोज गॅसवर असतो. बाप-लेक शेजारी बसून जेवतात.

मित्रांनो, घरातलं मूल जेवूनखाऊन वाळत असेल तर नवस बोलत बसू नका. रक्त तपासा, डॉक्टरांना विचारून मगच गहू सोडा. आणि अशा मुलापुढे कुणी प्रसादाचा शिरा धरला, तर हात जोडून नाही म्हणा. देव रागावत नाही. माणसं रागावतात. रागावू देत.